शंकर आबाजींचे खिळे

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून किहीमच्या वाटेला लागलं, की चोंढीच्या आसपास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात. बांबूच्या दांडीवर ओळीने लोंबणाऱ्या, पातीचीच वेणी घालून बांधलेल्या. शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने आलेली एखादी इनोव्हा तिथे थांबते, काच खाली होते, 'मावशी, माळ कशी दिली?' अशी विचारणा होते. थोडी घासाघीस होते, एकाच्या जागी दोन माळा मागच्या सीटवर जातात आणि गाडी किहीमच्या सुरूच्या बनाकडे वळते.

या सौद्यात दोन सरकारी कागद गुंतलेले आहेत, आणि ते ना मावशींच्या ध्यानात असतात ना गाडीवाल्याच्या. पहिला कागद कांद्याचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'अलिबागचा पांढरा कांदा' हे नाव या मातीतल्या कांद्यालाच लावता येतं. हा हक्क कुणा एकाच्या नावावर नाही; तो मुलखाचा आहे आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा आहे. दुसरा कागद गाडीचा. तो मात्र एका माणसाच्या नावावर होता, ठरावीक मुदतीपुरता होता, आणि गाडीचा नसून हातमागाचा होता.

जपानमधल्या एका खेड्यात १४ फेब्रुवारी १८६७ रोजी एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मला. घरी आई मागावर बसायची. तिचे हाल बघून पोराने माग सुधारायचं मनावर घेतलं, असं सांगतात. १८८५ साली जपानने पेटंटचा कायदा केला आणि या अर्धशिक्षित सुताराच्या डोक्यात तो पक्का बसला: नवी वस्तू काढली तर सरकार तिच्यावर आपलं नाव लिहून देतं! १८९० साली तोक्योच्या उएनो बागेत मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे जाऊन तो यंत्रं न्याहाळून आला. पुढच्याच वर्षी, १८९१मध्ये, सुधारित लाकडी हातमागाचं पेटंट त्याच्या नावावर झालं. तिथून सुरू झालेली ही माळ १९२४च्या स्वयंचलित मागापर्यंत पोचली. धागा तुटला की आपोआप थांबणारा, धोट्यातलं सूत संपलं की न थांबता धोटा बदलणारा माग. १९२९च्या डिसेंबरात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या इंग्लिश कंपनीने या मागाच्या हक्कांसाठी एक लाख पौंड द्यायचं कबूल केलं. हीच प्लॅट कंपनी मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं विकत आली होती. साकिचीच्या मुलाने, किइचिरोने, पुढे मोटारींचा उद्योग काढला. १९३७ साली टोयोटा कंपनी उभी राहिली. ('टोयोडा'चं 'टोयोटा' झालं त्यामागे एक गमतीशीर कारण सांगतात. जपानी लिपीत 'टोयोटा' आठ फटकाऱ्यांत लिहून होतं, आणि आठ हा आकडा तिकडे शुभ.) इनोव्हा बनवणाऱ्या भारतीय कंपनीच्या नावात टोयोटाला लागून किर्लोस्कर हे नाव आहे, हेही मराठी माणसाने ध्यानात घ्यायला हरकत नाही.

त्याच १८६७ सालात, साकिची टोयोडानंतर अडीच महिन्यांनी, २९ एप्रिलला मुंबईत एक मुलगा जन्मला. शंकर आबाजी भिसे. त्याच्या नावावर दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंट सांगितली जातात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'भारताचा एडिसन' म्हटलं. आज मात्र चोंढी नाक्यावर किंवा थेट दादरच्या फुलबाजारात उभं राहून 'भिसे कोण?' असं विचारलं, तर बहुतेकांच्या चेहऱ्यावर पाटी कोरीच दिसेल.

भिसे यांच्या हाताला लहानपणापासून खाज होती. चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोळशापासून गॅस काढायचं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं, की विलायतेला नाहीतर अमेरिकेला जायचं आणि शोधच लावायचे. यंत्रशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. 'सायंटिफिक अमेरिकन' हे मासिक मुंबईत येत असे, तेच त्यांचं कॉलेज. आपल्याला जे काही यंत्रज्ञान आहे ते या मासिकातूनच मिळालं, असं पुढे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एका वार्ताहराला सांगितलं होतं. दृष्टिभ्रमाचे प्रयोग करण्यातही ते पटाईत होते. एक वस्तू बघता बघता दुसरी झाल्याचा भास प्रेक्षकांना घडवत. हे प्रयोग त्यांनी इंग्लंडात मँचेस्टरच्या मोठ्या सभागृहातही करून दाखवले. जादूगार आणि यंत्रज्ञ यांच्यातली सीमा त्या काळी आजच्याइतकी पक्की नव्हती.

मुंबईत त्यांनी 'सायंटिफिक क्लब' काढला, शास्त्र आणि कलाकौशल्याला वाहिलेलं 'विविध कला प्रकाश' हे मराठी मासिक चालवलं, आणि एकीकडे नाना वस्तू बनवणं सुरू ठेवलं. छेडछाड केली तर उघडकीला येईल अशी बाटली. विजेच्या जोडणीची सायकल. आणि मुंबईच्या लोकलसाठी, पुढचं स्टेशन कोणतं ते डब्यातच दाखवणारा दर्शक. 'पुढील स्टेशन' हे शब्द आज लोकलच्या डब्यात दिवसभर ऐकू येतात. ही गरज एका गिरगावी वळणाच्या डोक्याला एकोणिसाव्या शतकातच जाणवली होती, हे ऐकताना जरा गंमत वाटते.

मग १८९०च्या दशकाच्या अखेरीस एक स्पर्धा आली. लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने आव्हान टाकलं: वाण्याच्या दुकानात पीठ, साखर असला सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र कुणी सुचवावं? दुकानाचं चित्र मुंबईच्या माणसाला सांगायची गरज नव्हती. तागडी, एका पारड्यात वजन, दुसऱ्यात चिमूट चिमूट टाकली जाणारी साखर, आणि काटा मध्यावर यायची वाट बघत उभी गिऱ्हाइकांची रांग. इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून भिसे यांच्या आराखड्याने पहिला नंबर मिळवला. बक्षिसाची रक्कम किरकोळच होती, पण त्या बातमीने मुंबईतल्या थोरामोठ्यांचे कान टवकारले. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनला दादाभाई नौरोजींच्या नावे ओळखीचं पत्र दिलं. ते खिशात घालून भिसे बोटीत बसले.

दादाभाई म्हणजे हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून नेली जाते याचा हिशेब मांडणारे गृहस्थ. त्यांनी या तरुणावर स्वतःचे पैसे लावले, हे लक्षात घेण्याजोगं आहे. त्यात माया होती तसा व्यवहारही होता. शोध चालला तर मिळणाऱ्या नफ्यातून राजकीय कामाला बळ मिळेल, असा तो विचार. लंडनमध्ये भिसे यांनी धडाका लावला. विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक काढला; तो क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला गेला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप पाणी सुटणारा संडास. १९०५च्या सुमारास तर स्त्रियांच्या अंतर्वस्त्रातल्या सुधारणेचंही पेटंट. यादी वाचताना हसू येतं खरं, पण पेटंटवर जगू पाहणाऱ्या माणसाचं दुकान असंच चालतं. दहा ठिकाणी गळ टाकावे तेव्हा एखाद्याला मासा लागतो. रेवसच्या कोळ्यालाही हे सांगावं लागणार नाही.

भिसे यांचा मोठा मासा होता छपाईचा खिळा.

आजच्या वाचकाने खिळा बघितलेला नसतो. बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब, चौकोनी धातूचा तुकडा. एका टोकाला उलटं अक्षर. शिसं, कथील आणि अँटिमनी वितळवून तो रस साच्यात ओतायचा. साच्याच्या तळाशी तांब्यात कोरलेलं अक्षर असतं, ते रसावर उमटतं. अँटिमनी कशाला, तर खिळा टणक व्हावा आणि निवताना आकसू नये म्हणून. असे हजारो खिळे 'केस' म्हणजे लाकडी ट्रेच्या घरांतून उचलून कंपोझिटर ओळी जुळवायचा. छापून झालं की पुन्हा एकेक खिळा आपापल्या घरात. वापरून वापरून खिळे झिजतात, अक्षर बोथट होतं, मग नवे ओतून घ्यायचे. इंग्रजी छापखान्याचं काम शंभर-दीडशे प्रकारच्या खिळ्यांत भागे. देवनागरीला जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून काही शे प्रकार लागत. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांच्या ओतशाळेसाठी देशभर नाव कमावलं होतं. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांच्या प्रकारांची ही संख्या कमी करण्यासाठी बराच खटाटोप केला. भिसे वाढले ते अशा शहरात.

त्या काळच्या बहुतेक यंत्रांत एका वेळी एकच खिळा ओतला जाई. अडचण उष्णतेची होती. वितळलेला रस साच्यात शिरला की तो थिजेपर्यंत थांबावं लागतं; घाई केली तर खिळ्यात पोकळी राहते आणि छापताना तो चेपतो. थांबलं तर वेळ जातो. भिसे यांच्या यंत्रात अनेक खिळे एकाच दमात ओतले जात. लंडनच्या जुन्या कॅस्लन ओतशाळेच्या तज्ज्ञांनी शंका काढली, तेव्हा भिसे यांनी यंत्र बांधूनच दाखवायचं ठरवलं. 'भिसोटाइप' मिनिटाला बाराशे खिळे ओततो, असा बोलबाला झाला. पुढच्या आवृत्तीबद्दलचे दावे याहून मोठे होते. यंत्राला स्वतःचं आडनाव देणारा मराठी माणूस एरवीही दुर्मिळच.

अडलं ते पैशापाशी. पेटंट म्हणजे पैसा नव्हे. तो पैसा मिळवण्याचा परवानाही नव्हे. दुसऱ्याने आपली वस्तू बनवू नये एवढा अटकाव करण्याचा तो हक्क असतो, आणि तोही देशोदेशी वेगळा घ्यावा लागतो, वेगळी फी भरून, वकील धरून. यंत्राचा नमुना बांधायला कारागीर, धातू, जागा. दादाभाईंची थैली काही कुबेराची नव्हती. १९०७ साली ते वय झाल्यामुळे कायमचे मायदेशी परतले. मग इंग्लंडातले समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन मदतीला आले. भांडवलशाहीवर आग ओकणाऱ्या या गृहस्थाने भिसे यांच्यासाठी भांडवल गोळा करायला घेतलं, पंधरा हजार पौंडांचं. विचित्रच जोडी, जमलं नाही. १९०८च्या अखेरीस कार्यशाळेला कुलूप घालून भिसे मुंबईच्या बोटीत बसले.

इथे किहीममधल्याच एका पाहुण्याची आठवण काढायला हवी. १९३० साली सलीम अली जर्मनीहून शिकून आले होते, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना हवी ती नोकरी मिळाली नव्हती. ते किहीमला येऊन राहिले आणि पावसाळ्यात घराजवळच्या झाडांवरच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून राहिले. त्यांनी काय टिपलं? नर खोपा अर्धाच विणतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी येते, आत डोकावते, ताणून बघते. पसंत पडला तर ती राहते आणि खोपा पुरा होतो. नापसंत पडला तर तो तसाच लटकत राहतो. पसंतीचं शिक्कामोर्तब झाल्यावर नर दुसरा अर्धा खोपा विणायला घेतो. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे छापून आलं आणि पक्षिशास्त्रात सलीम अलींचं नाव झालं. शोधक आणि भांडवलदार यांचा व्यवहार याहून वेगळा नसतो. भिसे आयुष्यभर अर्धे खोपे विणत आणि पंख फडफडवत राहिले.

एकदा मात्र खोपा पसंत पडला. परतीच्या बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांनी मुंबईला आल्यावर रतन टाटांकडे शब्द टाकला. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, सर रतन. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला आणि पाटलिपुत्राच्या उत्खननाला ज्या थैलीतून पैसे गेले, त्याच थैलीतून खिळे ओतायच्या यंत्रालाही गेले. भिसे पुन्हा लंडनला, तिथून महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला. तिथे यंत्र सुधारलं, नवी पेटंट झाली, कंपनी निघाली. पण १९१५च्या फेब्रुवारीत गोखले गेले, १९१७च्या जूनमध्ये दादाभाई, १९१८च्या सप्टेंबरात सर रतन टाटा. साडेतीन वर्षांत तिन्ही खांब पडले.

आणि बाजारही पायाखालून सरकत होता. हे फारसं कुणी लिहीत नाही, पण भिसे यांच्या अपयशाचं मोठं कारण इथे असावं. त्यांच्याआधीच ओटमार मेर्गेनथालर याचा लायनोटाइप आणि टोलबर्ट लॅन्स्टन याचा मोनोटाइप अमेरिकेत निघाले होते. लायनोटाइपवर कामगार कळा दाबी आणि यंत्र अख्खी ओळच एका पट्टीत ओतून देई. छापून झालं की पट्टी पुन्हा वितळवायची. मोठ्या वर्तमानपत्रांना ओतशाळेतून खिळे विकत घ्यायचं कारणच उरलं नाही. भिसे ज्या वस्तूचा वेग वाढवत होते तिचं गिऱ्हाईकच लंडन-न्यूयॉर्कमध्ये आटत चाललं होतं. गंमत अशी, की हातजुळणीचे खिळे ज्या छापखान्यांत पुढेही कित्येक दशकं चालले ते मराठी छापखाने होते. पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावीही लग्नपत्रिका, हँडबिलं आणि साप्ताहिकं १९८०च्या आसपासपर्यंत खिळ्यांवर छापली जात होती. यंत्राची खरी गरज जिथे होती तिथे ते विकत घ्यायचं बळ नव्हतं, आणि बळ होतं तिथली गरज संपत आली होती.

आता पुन्हा साकिची टोयोडाकडे वळू, कारण तुलना केल्याशिवाय भिसे यांच्यावर अन्याय होतो. त्याचंही भांडवलदारांशी वाजलं होतं. १९०७ साली बाहेरच्यांच्या पैशाने मागांची कंपनी निघाली आणि तीनच वर्षांनी, १९१०मध्ये, त्यालाच तिच्यातून बाहेर पडावं लागलं. मन विटून तो अमेरिकेला गेला. तिथे जोकिची ताकामिने भेटले. अ‍ॅड्रेनालिन शुद्ध रूपात वेगळं काढणारे, पेटंटवर श्रीमंत झालेले जपानी रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी धीर दिला. परतल्यावर टोयोडाने एक गोष्ट केली जी भिसे यांना कधी करता आली नाही: नागोयाला स्वतःची गिरणी काढली. आपल्या मागांवर आपलंच कापड विणायचं, विकायचं, त्या नफ्यात पुढचा माग सुधारायचा. सूत खराब म्हणून माग अडतो असं दिसलं, तर सूतकताईही स्वतः सुरू केली. त्याच्या प्रत्येक पेटंटखाली एक चालता कारखाना होता. भिसे यांच्या पेटंटखाली दुसऱ्याचा पैसा आणि भाड्याची कार्यशाळा.

कायद्याचा फरक होता म्हणावं, तर तेही उलटंच. जपानच्या आधी २९ वर्षं, १८५६ सालीच, हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा झाला होता. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डी'पेनिंग या अभियंत्याचा, आणि तो कशासाठी? साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढायच्या यंत्रासाठी. पंखेवाल्याची दमणूक कमी व्हावी हा उद्देश असेलही. पण कायदा कुणाच्या घामाचा विचार करून केला होता हे त्यावरून कळतं. जपान सरकारने पेटंट कचेरी काढली ती आपल्या सुतारांनी यंत्रं काढावीत म्हणून. इथल्या सरकारने काढली ती इंग्लंडच्या यंत्रवाल्यांना इथे संरक्षण मिळावं म्हणून. कागद एकच, कचेऱ्या दोन.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहिलेलं बरं. एडिसनच्या नावावर १,०९३ अमेरिकन पेटंट होती, आणि हा आकडा बरीच वर्षं शिखर मानला गेला. आज जपानचे शुनपेई यामाझाकी ११,३५३ पेटंटांसह गिनीज बुकात आहेत. पडद्यांतल्या आणि चिपांमधल्या सूक्ष्म जोडण्यांवरचं त्यांचं काम. त्यात एकाच कल्पनेची वेगवेगळ्या देशांतली पेटंटही धरलेली आहेत. दुसरे जपानी अवलिया योशिरो नाकामात्सू. तीन हजारांहून अधिक शोध लावल्याचा त्यांचा दावा आहे, फ्लॉपी डिस्कही आपलीच म्हणतात, आणि त्यावरून वाद आहे. पाण्याखाली बुडी मारून बसलं, की मेंदूला चांगल्या कल्पना सुचतात, असं ते सांगतात. पाण्यात लिहिता येईल अशी वहीही त्यांनी काढली. चौतीस वर्षं आपल्या प्रत्येक जेवणाचा फोटो काढून ठेवल्याबद्दल २००५ साली त्यांना गमतीचं 'इग नोबेल' मिळालं. तेव्हा 'भिसे यांचे दोनशे शोध' हा आकडाही तसाच, जरा हातचं राखून वाचावा. चाळीसेक पेटंट मात्र दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे, विशेषतः गुलाम देशातल्या आणि इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या माणसासाठी.

पेटंट द्यायचं की नाही हे ठरवताना तीन प्रश्न विचारतात. वस्तू जगात नवी आहे का? त्या धंद्यातल्या जाणत्याला सहज सुचली नसती अशी आहे का? आणि ती प्रत्यक्षात बनवता, वापरता येते का? पहिल्या प्रश्नावरच भलेभले आपटतात. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे केले आणि १९९७ साली ते रद्द झालं. आजीने बोटाला हळद चेपली होती तेव्हाच तिचं नवेपण संपलं होतं. पेटंट हा मुळात सौदा असतो. शोधकाने आपली युक्ती जगापुढे संपूर्ण उलगडून लिहायची, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं ती फक्त त्याची. मुदत संपली की कुणीही वापरावी. भिसे यांच्या यंत्रांचे बारीकसारीक आराखडे आजही वाचायला मिळतात ते त्यामुळेच.

ते शोधताना एक खोच आहे. अमेरिकेतल्या कागदपत्रांत त्यांच्या आडनावातला 'भ'चा 'ब' झाला, 'संकर ए. बिसे' अशा धाटणीचं स्पेलिंग तिथे दिसतं. इंग्लंडमध्ये एक, अमेरिकेत दुसरं. आपल्याकडचा कुणी 'भिसे' म्हणून शोधायला गेला तर अर्धा माणूस हाती लागत नाही.

न्यूयॉर्कमध्ये खिळ्यांचा नाद सुटला नाही, पण भिसे रसायनांकडेही वळले. धुलाईची पूड केली, आणि आयोडीनचं एक औषध केलं, जे पुढे 'अ‍ॅटोमिडीन' या नावाने विकलं गेलं. संमोहित अवस्थेत लोकांना औषधं सुचवणारा एडगर केसी नावाचा एक अमेरिकन अवलिया होता. त्याने ते उचलून धरलं आणि त्याच्या अनुयायांमध्ये ते आजही चालतं. आयोडीन जंतुनाशक आहे हे खरं. बाकीच्या गुणांचे दावे मात्र विज्ञानाच्या कसोटीवर ठरलेले नाहीत. शोधकाच्या सगळ्या वस्तू सारख्या मोलाच्या मानायचं कारण नाही. तत्त्वज्ञान आणि सर्वधर्मसमभाव यांतही त्यांनी बरंच मन घातलं. १९३०च्या अखेरीस थॉमस अल्वा एडिसनची भेट झाली. ज्याच्या नावाने आपल्याला ओळखतात त्याला समोरासमोर बघायचा योग फार थोड्यांना येतो. एडिसन त्यानंतर वर्षभरातच वारला. भिसे ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. अडुसष्ट पुरी व्हायला तीन आठवडे कमी होते.

नागोयात टोयोडाच्या जुन्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. तिथे त्याचे माग नुसते मांडलेले नाहीत, ते चालवून दाखवतात. धागा तुटला की माग खटकन थांबतो, आणि पाहायला आलेली शाळकरी पोरं टाळ्या वाजवतात. भिसे यांच्यासाठी निदान एक काम आपल्या हातातलं आहे. कुणाच्या माळ्यावर 'विविध कला प्रकाश'चे अंक, जुन्या छापखान्याचे कागद किंवा खिळ्यांच्या केसा पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नका. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या संस्थेला आधी विचारा.

आणि किहीम-नवगावच्या वाड्यांमध्ये कुणी नारळावर चढायचं, मासळी सुकवायचं किंवा कांद्याची माळ पटापट विणायचं काही नवं साधन बनवून बसलं असेल, तर ते जत्रेत किंवा मोबाइलवर जगाला दाखवण्याआधी अर्ज करा. एकदा उघड दाखवलं की नवेपण गेलं. मुंबईची पेटंट कचेरी अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. एकट्यादुकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये पडते, सुरुवातीला तात्पुरता अर्ज चालतो, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिन्यांची मुदत मिळते.